बंद खात्यावरची बाकी

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. १९४१ साली, निजामाच्या राजवटीत सुरू झालेली ही बँक आदिलाबादकरांना आणि मराठवाड्यातल्या लोकांना सारखीच घरची होती. त्याआधी २००६ मध्ये श्री सरस्वती ग्रामीण बँक डेक्कन ग्रामीण बँकेत मिसळली होती आणि २०१४ मध्ये डेक्कन ग्रामीण बँकेचे नाव तेलंगणा ग्रामीण बँक झाले. २०२० मध्ये आंध्र बँक युनियन बँकेत गेली. पंधरा वर्षांच्या आत आदिलाबाद जिल्ह्यातल्या ओळखीच्या बँकांच्या पाट्या एकामागून एक बदलल्या आणि घरोघरच्या पेट्यांत अस्तित्वात नसलेल्या बँकांची पासबुके साठली.

पाटी उतरली म्हणून खाते संपत नाही. विलीनीकरणात ठेवींबरोबर कर्जेही नव्या बँकेकडे जातात आणि त्यांच्या नोंदीही जातात. त्यामुळे बेला, जैनथ किंवा तलमडुगू मंडलातल्या एखाद्या घरी सहा-आठ वर्षांनी नव्या बँकेचे पत्र येते, ‘आपल्या खात्यावर अमुक रुपये येणे आहे.’ घरातला माणूस म्हणतो, ते खाते तर आम्ही कधीच बंद केले, कर्ज निल केले. शाखेत गेल्यावर उत्तर मिळते, सिस्टीममध्ये बाकी दिसते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात आणि वाद तिथेच अडतो. तो कसा सोडवायचा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

खाते खरेच बंद झाले होते का?

वापरणे थांबवले म्हणजे खाते बंद झाले, ही सर्वांत मोठी गैरसमजूत. बँकेच्या लेखी खाते तीन अवस्थांत असू शकते. चालू, निष्क्रिय, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केलेला नाही, आणि बंद, म्हणजे खातेदाराने लेखी अर्ज दिला, चेकबुक व कार्ड परत केले, शिल्लक उचलली आणि शाखेने खाते शून्यावर मिटवले. पहिल्या दोन अवस्थांत खाते जिवंतच असते. दहा वर्षे हात न लागलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते, पण तीही खातेदाराला किंवा वारसाला कधीही मागता येते. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टल सुरू केले आहे.

कर्जखात्याचे तसेच आहे. शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्जखाते बंद झाले असे नाही. शाखेने ते मिटवून नो ड्यूज दाखला दिला की ते बंद. हा दाखला हातात असेल तर पुढचा निम्मा वाद उरतच नाही.

बाकी येते कुठून?

बंद समजलेल्या खात्यावर उभी राहणारी बाकी बहुधा चार वाटांनी येते. कोणत्या वाटेने आली हे कळल्याशिवाय ती खरी की खोटी हे ठरत नाही.

पहिली वाट किमान शिलकीच्या दंडाची. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, बँकांना स्पष्ट सांगितले आहे की शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवा, भरायला एक महिना द्या, दंड तुटीच्या प्रमाणात लावा आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होऊ देऊ नका. समजा खात्यात ४१२ रुपये राहिले होते. किमान शिलकीचा दंड ते ४१२ रुपये खाऊ शकतो. पण खाते शून्याखाली नेऊन ‘आता आमचे ९०० रुपये द्या’ असे बँकेला म्हणता येत नाही. निष्क्रिय खात्यावर तर हा दंड लावताच येत नाही, आणि जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अटच नाही. मात्र हे संरक्षण फक्त किमान शिलकीच्या दंडापुरते आहे. एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे शुल्क, हप्ता परत गेल्याचा आकार हे वेगळे. म्हणून बँकेला पहिला प्रश्न ‘किती’ असा विचारू नये, ‘कशाचे’ असा विचारावा.

दुसरी वाट व्याजाच्या शेपटाची. कर्जाची बाकी ज्या दिवशी विचारली आणि ज्या दिवशी भरली, त्या दोन दिवसांमधले व्याज राहून जाते. रक्कम किरकोळ असते, पण खाते उघडे राहते आणि शेपूट वाढत जाते. गुजरात उच्च न्यायालयापुढे एप्रिल २०२२ मध्ये असेच एक प्रकरण आले. पीक कर्ज फिटले होते, जमीन विकली गेली होती, तरी स्टेट बँक नो ड्यूज दाखला देत नव्हती. कारण विचारल्यावर ३१ पैसे बाकी असल्याचे सांगण्यात आले. न्यायालयाने हा ग्राहकाचा छळ असल्याचे सुनावले आणि पन्नास पैशांखालची रक्कम हिशेबात धरायची नसते याची आठवण करून दिली.

तिसरी वाट तेलंगणात विशेष वर्दळीची आहे, ती कर्जमाफीची. २०१४ मध्ये राज्य सरकारने एक लाखापर्यंतची पीक कर्जे माफ केली, पण ती रक्कम बँकांना चार वार्षिक हप्त्यांत दिली. शेतकऱ्याच्या लेखी घोषणेच्या दिवशी कर्ज संपले होते. बँकेच्या लेखी शेवटचा हप्ता मिळेपर्यंत खाते उघडे होते. २०२४ ची माफी दोन लाखांपर्यंतची होती. १८ जुलैपासून ती टप्प्याटप्प्याने दिली गेली. १२ डिसेंबर २०१८ ते ९ डिसेंबर २०२३ या काळातली कर्जे तिच्यात धरली गेली आणि मर्यादा कुटुंबाला लागू होती. दोन लाखांच्या वरचे कर्ज असलेल्याने वरची रक्कम आधी भरायची होती. ज्याने ती भरली नाही त्याचे कर्ज माफ झालेले नाही, गावाच्या यादीविषयी काहीही ऐकले असो. म्हणून शाखेला लेखी विचारावे की माफीची किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या कर्जखात्यात जमा झाली आणि ९ डिसेंबर २०२३ नंतरचे व्याज कोणाच्या नावे धरले आहे.

चौथी वाट दुसऱ्याच्या कर्जाची. कधी आपण जामीनदार असतो आणि ते विसरून गेलेलो असतो. कधी नावच चुकलेले असते. सीमेवरच्या मंडलांत एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, जमिनीच्या पट्टादार पासबुकात तेलुगू उच्चाराने आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगने उतरते. त्यात एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. अशा वेळी वडिलांचे नाव, सर्व्हे नंबर, जन्मतारीख आणि कर्जाच्या कागदावरची सही वा अंगठा ताडून पाहिल्याशिवाय ‘हो, ते खाते माझेच’ असे म्हणू नये.

आकडा कोणी सिद्ध करायचा?

आदिलाबादच्या मातीत हा प्रश्न जुना आहे. १९४० मध्ये गोंड नेता कोमरम भीम याचे बंड मोडल्यावर निजाम सरकारने ज्याला या भागाचा अभ्यास करायला पाठवले, तो मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ याने गोंडांच्या जमिनी सावकारांकडे कशा गेल्या याचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे आणि वाचता येणाराही सावकारच. ऋणको फक्त अंगठा देई. संस्थानाने फसली १३४९, म्हणजे १९४० च्या आसपास, सावकारी कायदा केला आणि सावकाराने हिशेब ठेवावा व ऋणकोला तो द्यावा असे बंधन घातले. बँक सावकार नव्हे, तरी हे तत्त्व तिलाही लागू आहे. जो पैसे मागतो त्याने हिशेब दाखवायचा.

बँकेची वही कायद्यात वजनदार पुरावा आहे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यानुसार तिची प्रमाणित प्रत न्यायालयात चालते. पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हे जुन्या साक्ष अधिनियमाचे कलम ३४ सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमानेही तेच राखले आहे. गौहाटी बँकेच्या एका खटल्यात, साठच्या दशकात, सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर बँकेच्या उताऱ्यातली दहा हजार रुपयांची नोंद मान्य केली नाही. रक्कम खरोखर दिली गेली याचा वेगळा पुरावा बँकेने दिला नव्हता. ‘सिस्टीममध्ये दिसते’ हे उत्तर चौकशीची सुरुवात आहे, तिचा शेवट नव्हे.

खातेवह्या व व्हाउचर यांसारखी बरीच कागदपत्रे बँकांना आठ वर्षे जपावी लागतात, काही पाच वर्षे. विलीनीकरणाने ही जबाबदारी संपत नाही. पण वेळ जाईल तसा दोन्ही बाजूंचा पुरावा विरळ होतो, तेव्हा पत्र आले की कपाटात ठेवू नये.

पहिला अर्ज

वाद तोंडी घालू नका. शाखा व्यवस्थापक बदलतो, काउंटरवरचा कारकून बदलतो, कागद राहतो. तेलंगणातल्या शाखेत मराठी अर्ज वाचणारा असेलच असे नाही, म्हणून अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा आणि मराठी प्रत आपल्यापाशी ठेवावी. मजकूर असा असावा:

‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. त्यात दाखवलेली बाकी मला मान्य नाही. माझ्या माहितीप्रमाणे हे खाते अमुक साली बंद केले आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी द्याव्यात. खाते उघडल्यापासून आजपर्यंतचा पूर्ण उतारा. प्रत्येक शुल्काचे कारण, तारीख आणि ते मला कधी कळवले होते त्याची प्रत. कर्ज असल्यास माझ्या सहीचा करार व रक्कम मला दिल्याचा पुरावा. खाते विलीनीकरणापूर्वीचे असल्यास जुना व नवा खाते क्रमांक. वादाचा निकाल लागेपर्यंत वसुलीची कारवाई थांबवावी आणि हे खाते वादग्रस्त असल्याची नोंद करावी. या अर्जाने मी कोणतेही देणे कबूल करत नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नका. त्याचे कारण पुढे येईल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा. सोबत जुन्या पासबुकाच्या पानांच्या, हप्ते भरल्याच्या पावत्यांच्या आणि खाते बंद करण्याच्या अर्जाच्या झेरॉक्स लावाव्यात. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत.

मागणी करणारा बँकेचा माणूस नसून वसुली एजंट असेल, तर त्याचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र आधी पाहावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत किंवा शेजाऱ्यांत बदनामी करायची नाही. एजंटच्या हातात रोख रक्कम देऊ नये, आणि त्याच्या वैयक्तिक फोनवर यूपीआयने तर मुळीच नाही.

तीन वर्षे आणि एक सही

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. जमीन गहाण असेल तर बारा वर्षांत. मुदत टळली की न्यायालयाचा दरवाजा बंद होतो. पण मुदत संपण्याआधी ऋणकोने देणे लेखी कबूल केले, किंवा व्याजापोटी वा मुद्दलापोटी काही रक्कम भरून त्याची सहीची नोंद झाली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात. म्हणूनच ‘फक्त पाचशे भरा आणि इथे सही करा, नाव यादीतून काढतो’ या सूचनेपासून सावध राहायचे. मुदत संपल्यानंतरही लेखी वचन देऊन सही केली, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन बांधते. तुमचा अंगठा कोणत्या कागदावर उमटतो आहे हे वाचून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी बाजूही समजून घ्यावी. मुदत संपली म्हणजे कर्ज संपले असे नाही. फक्त दाव्याचा मार्ग बंद होतो. पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हेच सांगितले. जामीनदाराने तारण ठेवलेली मुदत ठेव बँकेने मुदत टळल्यावर कर्जात वळती केली, आणि न्यायालयाने त्यात गैर मानले नाही. ज्याची ठेव आणि जुने कर्ज एकाच बँकेत आहे, त्याने कालबाह्य कर्जाच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. सरकारी मदतीचे पैसेही असेच वळते होतात अशी तक्रार तेलंगणात नेहमीची. मे २०१८ मध्ये सुरू झालेल्या रयतू बंधू योजनेचे पैसे जुन्या थकबाकीत घेऊ नका, असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले. असे झाले तर त्याचीही तक्रार स्वतंत्र आणि लेखी करावी.

सिबिलवरचा डाग

पत्र येण्याआधीच कित्येकांना बाकी कळते ती दुसऱ्या बँकेत कर्ज नाकारले गेल्यावर. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीबद्दल तक्रार केली की ती तीस दिवसांत निकाली निघायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

२०२३ मध्ये नवी दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने एसबीआय कार्ड्सला एका ग्राहकास दोन लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्याच्या कार्डाची मुदत २०१६ मध्येच संपली होती, त्याने नवे मागितले नव्हते, तरी बिले येत राहिली, थकबाकीदार म्हणून त्याची नोंद झाली आणि दुसऱ्या बँकेने त्याचा अर्ज नाकारला. क्रेडिट कार्डाबाबत आता नियम आणखी कडक आहे. कार्डावर बाकी नसेल, तर बंद करण्याच्या विनंतीनंतर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

शाखेच्या पुढे

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने देशभरासाठी एकच दार उघडले. खाते आदिलाबादला असो की पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला, तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने करायची. शुल्क नाही, वकील लागत नाही. बँकेचे उत्तर आल्यावर ठरलेल्या मुदतीच्या आत जावे लागते, आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर अर्ज परत येतो. पोच जपायची ती यासाठी. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे सीमेपलीकडच्या बँकेशी भांडायलाही आदिलाबाद सोडावे लागत नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

लोक अदालतीची नोटीस आली की गावात घबराट होते. दावा दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणातली अशी नोटीस म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. ते तडजोडीचे बोलावणे आहे. जावे, हिशेब मागावा, रक्कम पटली तरच सही करावी. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील नाही.

बाकी खरी निघाली तर

उतारा पाहिल्यावर बाकी खरी निघाली तर ती मान्य करून मिटवणे हाच शहाणपणा. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. पूर्ण रक्कम भरली तर अहवालात खाते ‘क्लोज्ड’ दिसते. सूट घेऊन सेटलमेंट केली तर ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढचे कर्ज मागताना ते आडवे येते. रक्कम थोडी असेल तर पूर्ण भरणे परवडते. मोठी असेल तर सेटलमेंटचे पत्र आधी हातात घ्यावे, त्यात अंतिम रक्कम, तारीख आणि ‘यापुढे काही येणे नाही’ हे शब्द असावेत, आणि मगच पैसे भरावेत. जमिनीचे वा घराचे कागद तारण असतील तर कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासून दिवसाला ५,००० रुपयांची भरपाई आहे.

या वादात खातेदार हरतो तो बहुतेक वेळा कायद्यामुळे नव्हे, हातात कागद नसल्यामुळे. घरात जितक्या बँकांची पासबुके पडली आहेत तितकी एकदा बाहेर काढा आणि त्यांच्या जागी आता कोणती बँक आहे ते शोधा. जे खाते नको आहे त्याच्या शाखेत अर्ज घेऊन जा आणि शिक्क्याची पोच व बंद केल्याचा दाखला घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.